इंग्लंडमध्ये मुलांच्या दातांना एनएचएसच्या मोफत तारा: कोण पात्र, कागद कोणते

इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना एनएचएसमधून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, तारा मोफत मिळतात. पण दात वाकडे आहेत एवढ्यावर काम भागत नाही. किती वाकडे, हे मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्यावर निकाल लागतो.

या मोजमापाला आयओटीएन (इंडेक्स ऑफ ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट नीड, म्हणजे उपचाराची गरज किती याचा निर्देशांक) म्हणतात. ब्रूक आणि शॉ यांनी ते १९८९ मध्ये मांडलं. त्याचा मुख्य भाग दातांच्या आरोग्याचा, श्रेणी १ ते ५. ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) छोट्या पट्टीने तपासतात आणि सर्वांत गंभीर असा एकच दोष धरतात. बारीकसारीक पाच-सहा दोषांची बेरीज होत नाही, आणि पालकांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा ९ मिमीहून जास्त पुढे असतील तर श्रेणी ५. अडकून बसलेला, वर न आलेला दात (अक्कलदाढ सोडून) किंवा दुभंगलेला ओठ-टाळू असेल तरीही ५. दात ६ ते ९ मिमी पुढे असतील, किंवा शेजारचे दात रांगेतून एकमेकांच्या मागेपुढे ४ मिमीहून जास्त सरकलेले असतील, तर ४. या दोन्ही श्रेणी पात्र. १ आणि २ अपात्र.

खरी ओढाताण ३ वर होते. तिथे दुसरा भाग लागू होतो: दातांचे १० फोटो, सर्वांत नीटसपासून सर्वांत वाईटपर्यंत. मुलाचे दात सहाव्या किंवा त्यापुढच्या फोटोसारखे दिसले तरच पात्रता. हे फोटो समोरून काढलेले आहेत, त्यामुळे ५ मिमी पुढे आलेले पण सरळ रांगेतले दात त्यात फारसे वाईट दिसत नाहीत. माझ्या मते ही या पद्धतीची कच्ची बाजू आहे. शिवाय दात तेवढेच पुढे असूनही ओठ सहज मिटत असतील, तर श्रेणी ३ ऐवजी २ होते.

सुरुवात आपल्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडून करा. ते ऑर्थोडॉन्टिस्टकडे रेफरल पाठवतात. वय मोजलं जातं ते तपासणीच्या दिवशीचं. बऱ्याच भागांत प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून सतराव्या वर्षापर्यंत थांबू नका. मूल दहा-अकराचं झालं की विषय काढा. दात नीट घासले जात नसतील किंवा कीड असेल, तर पात्र असूनही तारा लांबणीवर पडतात.

कागदपत्रांचा बाऊ नाही. मुलाची जन्मतारीख, पत्ता, एनएचएस क्रमांक असल्यास तो, चालू औषधांची यादी आणि सहीसाठी पालक. पुण्या-मुंबईत तारा बसवून मध्येच इकडे आलेल्यांनी मात्र उपचारापूर्वीचे एक्स-रे, फोटो, साचे आणि तिथल्या डॉक्टरांचं पत्र जरूर आणावं. दात अर्धे सरळ झाल्यावर मूळ श्रेणी काय होती हे तोंडात बघून कळत नाही.

नकार आला तर श्रेणी आणि तिच्यापुढचं अक्षर विचारून घ्या. ‘३डी’ म्हणजे दात २ ते ४ मिमी सरकलेले. कुठल्या दोषावर निर्णय झाला ते त्यावरून समजतं. आणि होकार आला तरी तार किंवा प्लेट हरवली, मोडली, तर नव्याचे पैसे भरावे लागू शकतात.