राग गिळणं आणि राग निवळणं

मधल्या सुट्टीत चेंडू रेषेवर पडला. एक म्हणाला आत, दुसरा म्हणाला बाहेर. ढकलाढकली झाली, तेवढ्यात घंटा वाजली आणि दोघं लालबुंद चेहऱ्यानं वर्गात आले. बाईंनी एकदाच बजावलं, "आता एक शब्द नको." पाच मिनिटांनी पाहावं तर दोघांच्याही वह्या उघड्या, माना खाली, अपूर्णांकांची बेरीज चाललेली. बाईंच्या टेबलावरून दोघं अगदी सारखे दिसतात. पण एकानं राग गिळलाय आणि दुसऱ्याचा राग निवळलाय.

या दोन गोष्टींची गल्लत आपण सर्रास करतो. मुलांना भावना हाताळायला शिकवावं, असं म्हटलं की पुष्कळांना वाटतं, ते तर शाळा शिकवतेच की! रडायचं नाही, ओरडायचं नाही, हाताची घडी, तोंडावर बोट. खरं आहे, शाळा शिकवते. पण काय शिकवते? गिळायला.

मराठीला हा फरक आधीपासून ठाऊक आहे. राग आपण गिळतो, हुंदका गिळतो, आवंढा गिळतो, अपमानही गिळतो. गिळलेली वस्तू नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. उलट राग निवळतो, उतरतो, ओसरतो, शांत होतो. निवळणं हा शब्द पाण्यावरून आला. गढूळ पाणी थोडा वेळ हलवलं नाही तर गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ दिसू लागतं. (गंमत म्हणजे निवळीची बी उगाळून टाकली की हे काम लवकर होतं, म्हणजे निवळण्यालाही मदत करता येते. ती मदत कोणती, ते पुढे पाहू.)

गिळण्याची किंमत काय, हे प्रयोगशाळेत मोजून झालं आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना शस्त्रक्रियेची, बघवणार नाही अशी चित्रफीत दाखवली. काहींना नुसतंच बघायला सांगितलं, काहींना बजावलं की तुम्हाला काय वाटतंय ते चेहऱ्यावर अजिबात दिसू देऊ नका. दुसऱ्या गटानं ते बऱ्यापैकी जमवलं. चेहरे कोरे राहिले. पण किळस किती वाटली असं विचारल्यावर त्यांचं उत्तर पहिल्या गटापेक्षा कमी नव्हतं आणि त्वचेवरच्या घामासारख्या ताणाच्या खुणा उलट जास्त होत्या. झाकण बसलं, पण आच तेवढीच राहिली.

शाळेच्या दृष्टीनं मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २००० सालचा अभ्यास, जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांचा. त्यात असं दिसलं की भावना चेहऱ्यावर येऊ न देण्याच्या खटपटीत असलेल्या माणसांना त्या वेळात ऐकलेल्या तपशिलांची आठवण कमी राहते. कारण सरळ आहे. चेहरा सांभाळणं हेही काम आहे आणि ते सतत करत राहावं लागतं. डोकं तिकडे गुंतलं की फळ्याकडे उरतं कमी. चेंडूवरून भांडलेल्या त्या दोघांपैकी पहिल्याला दहा मिनिटांनी विचारा, छेद समान कसा करायचा ते बाईंनी कसं सांगितलं? तो बाईंकडे बघत होता, पण ऐकत स्वतःला होता. म्हणजे ज्या अभ्यासासाठी आपण मुलाला गप्प करतो, त्याच अभ्यासातलं काही त्याच्या हातून गळतं. गणित महत्त्वाचं की भावना, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो.

आणि हे एकट्यापुरतं राहत नाही. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अनोळखी स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारी चित्रफीत दाखवून तिच्यावर बोलायला बसवलं. जोडीतल्या एकीला गुपचूप सांगून ठेवलं होतं की भावना दाखवू नकोस. समोरचीला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी तिचा रक्तदाब वाढला आणि अशा जोड्यांमध्ये जवळीकही कमी निर्माण झाली. शेजारी मूग गिळून बसलेला असला की बाकावरच्या दुसऱ्यालाही ते जाणवतं, एवढं तर आपल्यातल्या प्रत्येकाला शाळेतूनच माहीत आहे.

आता निवळणं. ते होतं कसं?

इथे अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेले प्रयोग आठवतात. मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल. हा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण ऐकलेला असतो तो चुकीच्या अंगानं. मन घट्ट असलेली मुलं थांबली आणि पुढे आयुष्यात यशस्वी झाली, अशी ती गोष्ट सांगितली जाते. त्यातला भविष्य सांगणारा भाग नंतरच्या, २०१८ सालच्या मोठ्या अभ्यासात बराच फिका पडला. जो भाग टिकला, तो क्वचितच कुणी सांगतं. थांबू शकलेली मुलं दात-ओठ खात बसली नव्हती. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवले, पाठ फिरवली, गाणी म्हटली. आणि ज्या मुलांना सुचवलं होतं की समोरचा पांढरा मऊ गोळा म्हणजे ढग आहे असं समज, ती जास्त वेळ थांबली. म्हणजे निग्रह वाटत होता तो खरं तर युक्तीचा भाग होता, आणि ती युक्ती चार वर्षांच्या मुलालाही सांगता येत होती.

भावना ही एका वाटेनं येते असं धरलं, तर गिळणारा अगदी शेवटच्या वळणावर, ओठांपाशी, तिला अडवतो. निवळणारा अलीकडे काहीतरी करतो. लक्ष दुसरीकडे नेतो, किंवा घडलेल्या गोष्टीचा अर्थच नव्यानं लावतो. "त्यानं मुद्दाम केलं" याऐवजी "तो उभा होता तिथून त्याला रेषा दिसली नसेल." एवढ्या एका वाक्यानं रागाचं इंधन कमी होतं. रिचर्ड्स आणि ग्रॉस यांच्या अभ्यासात असा नवा अर्थ लावणाऱ्यांच्या आठवणीला फटका बसला नव्हता.

आणखी एक साधन आहे, आणि तीच माझ्या मते वर्गातली निवळी: शब्द. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं की रागीट किंवा घाबरलेला चेहरा पाहून त्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची खळबळ कमी होते. आता एखाद्या मुलाकडे भावनांसाठी किती शब्द असतात ते आठवून पाहा. "मला कसंतरी होतंय" आणि "मला राग आला", संपलं. खरं तर तो हिरमुसलेला असतो, ओशाळलेला असतो, त्याला हेवा वाटत असतो, वगळल्यासारखं वाटत असतं. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ओशाळलेल्या मुलाला समजूत घालणारं कुणीतरी हवं असतं, आणि वगळलं गेल्याची टोचणी लागलेल्याला खेळात घेणारं. दोघांनाही "राग आला" एवढंच म्हणता येत असेल तर दोघांनाही एकच ओरडा बसतो.

पाठांतराला आलेले शब्द आणि वापरात आलेले शब्द यांत अंतर असतं, हे भाषेच्या शिक्षकाला सांगायला नको. म्हणूनच हे एकदा प्रार्थनेनंतर सांगून भागत नाही. लहान मुलांना शिकवायची कासवाची युक्ती १९७० च्या दशकापासून वापरात आहे. राग आला की कासवासारखं आत जा, थांब म्हण, लांब श्वास घे आणि मग बाहेर येऊन काय झालं नि कसं वाटतंय ते सांग. छान आहे. पण गजबजलेल्या वर्गात होतं काय, तर पहिली अर्धी युक्तीच उरते. "कासव हो!" म्हणजे तोंडावर बोट याचंच गोंडस रूप. मूल आत जातं, त्याला बाहेर यायला कुणी सांगत नाही. निवळायला शिकवतोय असं म्हणत आपण पुन्हा गिळायलाच शिकवलं, हे शिकवणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

हे घरचं काम, शाळेनं कशाला करायचं, हा आक्षेप नेहमी येतो. घरी व्हायला हवंच. पण चाळीस समवयस्कांमध्ये, गुणांच्या स्पर्धेत, न निवडलेल्या शेजाऱ्यासोबत रोज पाच-सहा तास काढण्याचा प्रसंग घरी येतच नाही. पोहायला शिकवायचं तर पाण्याजवळ जावं लागतं. जेम्स कोमर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६८ मध्ये येल विद्यापीठाच्या आधारानं न्यू हेवन शहरातल्या दोन गरीब वस्त्यांमधल्या शाळांत काम सुरू केलं, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता: मुलाची नाती आणि मन सावरल्याशिवाय त्याचा अभ्यास सावरत नाही. पुढे जोसेफ डुर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यात २,७०,०३४ मुलं होती. ज्या अभ्यासांत शैक्षणिक प्रगतीही मोजली होती, तिथे सरासरीचा फायदा ११ शतमकांचा निघाला. सोपं करून सांगायचं तर शंभरांत मधोमध असलेलं मूल अकरा जागा वर सरकावं, इतका. आणि हा अभ्यासातला फायदा ठळक दिसला तो बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी नव्हे, तर शाळेतल्याच शिक्षकांनी शिकवलं तिथे.

उपक्रम कोणताही चालतो असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या ८५ शाळांत, ८,००० हून जास्त मुलांवर ध्यानसजगतेच्या (म्हणजे श्वासाकडे, चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या) तासांची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आले, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्यातून काही जास्त मिळालं असं दिसलं नाही. बरीच मुलं घरी सराव करतच नव्हती. मला यात नवल वाटत नाही. निवळायचं असतं ते चेंडू रेषेवर पडल्यावर, मंगळवारी तिसऱ्या तासाला नव्हे.

मग गिळणं वाईटच का? नाही. आजारी आजोबांसमोर डोळ्यांतलं पाणी परतवावं लागतं, हरलेल्या मित्रासमोर आपला आनंद आवरावा लागतो. जॉर्ज बोनॅनो यांनी न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढच्या काळात त्रास कमी झाला तो ज्यांना भावना दाखवताही येत होत्या आणि गरजेप्रमाणे झाकताही येत होत्या त्यांना. एकच येणं ही अडचण. आपल्या शाळकरी मुलांना ते एकच येतं.

दुसऱ्या बाजूचा धोकाही आहे आणि तो अधिक छुपा आहे. राग निवळला म्हणजे तक्रार मिटली, असं मोठ्यांना सोयीनं वाटू लागतं. रोज डबा हिसकावून घेतला जाणाऱ्या मुलाला श्वास मोजायला लावणं म्हणजे चोराला सोडून घरमालकाला योगासनं शिकवणं. राग पुष्कळदा खरं सांगत असतो. गढूळ पाणी निवळल्यावर तळाशी काय पडलंय ते दिसतं, आणि ते काढायचं काम मोठ्यांचं असतं.

त्या दिवशी शाळा सुटताना पहिला मुलगा दुसऱ्याच्या दप्तराला लाथ मारून पळाला. दुसरा बाईंच्या टेबलापाशी आला. "बाई, रेषेवर पडला तर आत धरायचा की बाहेर, ते उद्या खेळायच्या आधी तुम्ही सगळ्यांना सांगाल का?"