रोमन संख्याचिन्हांत रूपांतर

दशमान पद्धतीतील संख्या रोमन अक्षरचिन्हांत लिहिण्याची रीत. चिन्हे सातच आहेत: आय (१), व्ही (५), एक्स (१०), एल (५०), सी (१००), डी (५००) आणि एम (१०००). या पद्धतीत शून्य नाही, स्थानिक किंमतही नाही. एक्स कुठेही आला तरी दहाचाच. तो मिळवायचा की वजा करायचा, एवढेच पुढच्या अक्षरावरून ठरते.

रूपांतर करताना संख्येचे विस्तारित रूप मांडावे आणि हजारापासून एककापर्यंत एकेक भाग स्वतंत्रपणे लिहीत जावे. २७४९ म्हणजे २००० + ७०० + ४० + ९. म्हणून एमएम, डीसीसी, एक्सएल, आयएक्स. हे सलग जोडले की झाले. २०४९ मध्ये शतकस्थानी शून्य आहे, तिथे काहीच लिहायचे नाही: एमएम-एक्सएल-आयएक्स. आय, एक्स, सी, एम ही अक्षरे लागोपाठ तीनदा येऊ शकतात. व्ही, एल, डी यांची पुनरावृत्ती होत नाही.

चुका होतात त्या बहुधा वजाबाकीत. लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे आले की वजा होते, हे खरे. पण प्रचलित नियमानुसार अशा जोड्या सहाच: ४, ९, ४०, ९०, ४०० आणि ९०० यांच्या. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो, एक्स फक्त एल आणि सीच्या, सी फक्त डी आणि एमच्या. त्यामुळे ४९ साठी आयएल चालत नाही. एक्सएल-आयएक्सच लिहावे लागते. मराठी माणसाला हे खटकेल, कारण आपला ‘एकोणपन्नास’ पन्नासातून एक वजा करूनच बनला आहे. गंमत म्हणजे लॅटिनमध्येही ४९ साठी याच घडणीचा शब्द आहे.

खुद्द रोमन लोक या नियमाबाबत एवढे काटेकोर नव्हते. रोमच्या कलोसियममधील ४४ क्रमांकाच्या कमानीवर एक्सएल आणि पुढे चार आय कोरलेले आहेत: चाळिसासाठी वजाबाकी, चारासाठी बेरीज, तीही एकाच संख्येत. घड्याळांच्या तबकड्यांवर चारासाठी चार आय आजही दिसतात. लंडनच्या ॲडमिरल्टी कमानीवर तर १९१० हे वर्ष एम, डी, चार सी आणि एक्स असे लिहिले आहे. अशा लेखनाला सरसकट चूक म्हणता येत नाही.

सात चिन्हांत नियमाने ३९९९ पर्यंतच जाता येते. त्याआधीची ३८८८ ही संख्या सर्वांत लांबलचक, पंधरा अक्षरांची. ३९९९ च्या पुढे चिन्हावर आडवी रेघ देऊन हजारपट दाखवतात. रेघ दिलेला व्ही म्हणजे ५०००.