कागदावरची लढाई: ॲमस्टरडॅमच्या प्रतिकार संग्रहालयामागचा इतिहास

ॲमस्टरडॅममध्ये प्लांटाज कर्कलान या रस्त्यावर, आर्टिस प्राणिसंग्रहालयासमोर, १८७६ साली एका ज्यू गायनमंडळासाठी बांधलेली प्लान्सियस ही इमारत आहे. १९८५ साली एका जुन्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनागृहात) सुरू झालेले डच प्रतिकार संग्रहालय १९९९ मध्ये या इमारतीत आले. ॲन फ्रँकमुळे लपून राहणाऱ्यांची कहाणी मराठी वाचकाला ठाऊक असते. पण लपवणाऱ्यांनी ते कसे साधले आणि बहुसंख्य नागरिक जर्मन ताब्याच्या पाच वर्षांत (१९४०-४५) कसे वागले, हे समजून घ्यायचे तर या संग्रहालयात यावे लागते. आत जाण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असलेला बरा.

पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ राहिले होते, त्यामुळे परकी सैन्याच्या ताब्यात जगण्याचा अनुभव त्या पिढीला नव्हता. १० मे १९४० रोजी जर्मनीने आक्रमण केले, १३ मे रोजी राणी विल्हेल्मिना इंग्लंडला गेली, १४ मे रोजी रॉटरडॅमवर बॉम्ब पडले आणि दुसऱ्या दिवशी डच सैन्याने शरणागती पत्करली. जर्मनांनी नेमलेला नवा प्रशासक साइस-इंक्वार्ट याने सुरुवातीला सौम्य धोरण ठेवले, कचेऱ्या पूर्वीसारख्याच चालू राहिल्या, आणि माझ्या मते खरा घात तिथेच झाला. ऑक्टोबर १९४० मध्ये सरकारी नोकरांना आपण ज्यू नसल्याचे लिहून देण्यास सांगण्यात आले, तेव्हा बहुतेकांनी मुकाट्याने सही केली. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंना नावनोंदणी सक्तीची झाली आणि जवळपास सर्वांनी ती केली, कारण सरकारी कागद खरा भरायचा असतो हा संस्कार हाडीमासी खिळलेला होता.

त्याच वर्षी १५ वर्षांवरील प्रत्येकाला ओळखपत्र बाळगणे बंधनकारक झाले. लोकसंख्या नोंदणी खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स या डच अधिकाऱ्यानेच ते तयार केले होते. जलचिन्हाचा कागद, खास शाई, छायाचित्र आणि बोटाचा ठसा यांमुळे त्याची नक्कल करणे अतिशय अवघड होते. पुढे ज्यूंच्या ओळखपत्रांवर काळ्या शाईत ‘जे’ (J, म्हणजे ज्यू) हे अक्षर उमटवले गेले. नेदरलँड्समधील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. या भीषण प्रमाणाची कारणे अनेक असली, तरी बिनचूक नोंदवह्या हे त्यांतले एक ठळक कारण होय.

उघड विरोध झालाच नाही, असे मात्र नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये चारशेहून अधिक ज्यू तरुणांना पकडून नेल्यावर, बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेला प्रतिसाद देऊन २५ तारखेला ट्रामचालक, गोदी कामगार आणि इतर हजारो लोकांनी काम बंद केले. हा संप दोन दिवसांत बळाने मोडून काढण्यात आला.

नंतरचा प्रतिकार बराचसा कागदावर लढला गेला. शिल्पकार गेरिट फान डेर फेन यांच्या गटाने हजारो बनावट ओळखपत्रे तयार केली; पण नगरपालिकेच्या मूळ नोंदीशी ताडून पाहिल्यास बनाव उघडा पडत असे. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री फान डेर फेन, चित्रकार व लेखक विलेम आरोंडेउस आणि त्यांचे सहकारी पोलिसांचा गणवेश घालून नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचे इंजेक्शन देऊन त्यांनी बाहेर नेऊन ठेवले, मगच खणांतली कार्डे जमिनीवर ओतून आग लावली. आग विझवायला आलेल्या दलाने मुद्दाम सावकाश काम केले आणि गरजेपेक्षा जास्त पाणी मारले. तरीही बऱ्याच नोंदी शाबूत राहिल्या. १ जुलै रोजी आरोंडेउससह १२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ते कार्यालय याच रस्त्यावर ३६ क्रमांकाला होते. संग्रहालयातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की तेथील स्मृतिफलक दिसतो.

आपण ज्याला भूमिगत होणे म्हणतो, त्याला डच भाषेत पाण्याखाली बुडी मारणे या अर्थाचा शब्द आहे. १९४३ नंतर ज्यूंबरोबरच जर्मनीतील सक्तीची मजुरी टाळणारे तरुणही बुडी मारू लागले आणि त्यांच्यासाठी शिधापत्रिका, घरे व पैसा उभा करणारे जाळे देशभर विणले गेले. सप्टेंबर १९४४ मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या कुटुंबांचा खर्च बँकव्यवसायातील वाल्राफेन फान हाल यांनी गुप्तपणे उभारलेल्या निधीतून भागवला गेला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या.

संपाचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडील शहरांची अन्नवाहतूक रोखली. त्या हिवाळ्यात लोकांनी बीट आणि ट्युलिपचे कंद खाऊन दिवस काढले, सुमारे २० हजार माणसे दगावली. कोळसा संपल्यावर पत्र्याच्या लहानशा शेगडीत ढलप्या जाळून अन्न शिजवत आणि त्या ढलप्यांसाठी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपसून नेत. ज्यू वस्तीतली घरे तेव्हा रिकामी पडली होती. त्यांचे जिने, दारे आणि तुळयाही त्याच शेगड्यांत जळाल्या.