फुगलेला कपॅसिटर आणि दुकानाचा हिशेब

ओळखीच्या एका औषधाच्या दुकानातला संगणक सकाळी सुरळीत चालायचा आणि दुपारी तीननंतर, ऐन बिलाच्या मध्यात, बंद पडायचा. विंडोज दोनदा नव्याने टाकून झाली होती, रॅमही बदलून झाली होती. डबा उघडला तेव्हा मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर, प्रोसेसरशेजारच्या तीन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. एकाच्या माथ्यावर तपकिरी थर सुकला होता.

गच्चीवरची पाण्याची टाकी जे काम करते, तेच कपॅसिटर विजेच्या बाबतीत करतो. मागणी अचानक वाढली की साठ्यातून देतो, ओसरली की पुन्हा भरून घेतो. प्रोसेसरची मागणी क्षणाक्षणाला बदलते आणि ती अफाट असते. 65 वॅटचा प्रोसेसर साधारण 1.2 व्होल्टवर चालतो, म्हणजे त्याला पन्नासहून जास्त अँपिअर प्रवाह लागतो. घरातली 1000 वॅटची इस्त्री घेते चार-साडेचार अँपिअर. पॉवर सप्लायकडून येणारे 12 व्होल्ट इतके खाली आणण्यासाठी मदरबोर्डवरचे मॉसफेट, म्हणजे विजेचे चिमुकले स्विच, सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतात आणि त्यात तापतात. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच प्रवाह दोन वाटांनी नेला तर प्रत्येक वाटेत पाव, आणि एकूण निम्मी उष्णता होते. जाहिरातीत ज्यांना ‘फेज’ म्हणतात त्या याच वाटा. मदरबोर्ड घेताना रंगीत दिवे पाहू नका, या वाटा किती आहेत आणि मॉसफेटवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा, बसवला आहे का, ते पाहा. स्वस्त बोर्डांत पहिली काटछाट तिथेच होते.

उष्णतेचा हिशेब कपॅसिटरच्या बाबतीत तर अगदी आकड्यांत मांडता येतो. साध्या, द्रव भरलेल्या कपॅसिटरवर 105 अंश असं छापलेलं असतं आणि त्या तापमानाला त्याचं आयुष्य उदाहरणार्थ 2000 तास धरतात. तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. 85 अंशांना 8000 तास, 65 अंशांना 32,000 तास. दुकान रोज दहा तास, वर्षाला 300 दिवस उघडं असेल तर पहिल्या स्थितीत पावणेतीन वर्षंसुद्धा पुरत नाहीत, दुसऱ्यात दहा वर्षं सहज निघतात. फरक फक्त वीस अंशांचा!

1999 ते 2007 या काळात तर जगभर असे कपॅसिटर वेळेच्या कितीतरी आधी फुगले. आतल्या द्रवात पाणी होतं, पण ॲल्युमिनियमला त्या पाण्यापासून वाचवणारी रसायनं पुरेशी नव्हती. धातू आणि पाण्याच्या क्रियेतून हायड्रोजन तयार व्हायचा, दाब वाढायचा आणि माथ्यावर मुद्दाम कोरलेली खाच फाटायची. आता बहुतेक चांगल्या बोर्डांवर द्रवाऐवजी घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. त्यांचं आयुष्य दर वीस अंशांमागे सुमारे दहापट वाढतं. म्हणजे वरचेच 2000 तास 65 अंशांना दोन लाखांवर जातात.

धंद्यासाठी आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तोच बोर्ड पुन्हा मिळणं. दहा संगणकांच्या कार्यालयात एक बोर्ड गेला आणि तसाच दुसरा मिळाला, तर जुनी डिस्क जोडून काम बहुधा तासाभरात सुरू होतं. मॉडेल बदललं की ड्रायव्हर, सॉफ्टवेअरचे परवाने, प्रिंटर, सगळं पुन्हा. म्हणून इंटेलच्या ‘स्टेबल आयटी प्लॅटफॉर्म’ योजनेत किमान 15 महिने, किंवा पुढची पिढी येईपर्यंत, भागांत ठरवून बदल करत नाहीत. क्यू670 सारखे चिपसेट, म्हणजे बोर्डाची क्षमता ठरवणाऱ्या मुख्य चिपा, या वर्गातले. एकट्या दुकानाला एवढ्याची गरज नाही. त्याला बी मालिकेतल्या चिपसेटचा बरा बोर्ड पुरतो.

बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीच्या, अपडेट किती वर्षं येतात, हेही कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्या. 2024 साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं उघड झालं. त्यावरचा उपाय मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधूनच पोचला. ज्यांनी ती टाकली नाही, त्यांच्या प्रोसेसरची झीज चालूच राहिली. आणि झालेली इजा अपडेटने भरून येत नाही.

कोकणपट्टीत याशिवाय धूळ आणि दमट हवेची जोडगोळी आहे. ओल धरलेली, खारट धूळ वीज थोडी थोडी वाहू देते, तांब्याच्या रेघा खाते. पावसाळ्याच्या आधी ब्लोअर मारून घेणं आणि दुकानाचं अर्थिंग तपासून घेणं, या दोन्हींचा खर्च नव्या बोर्डापुढे काहीच नाही.

त्या दुकानात नवा बोर्ड बसवला: पॉलिमर कपॅसिटर, मॉसफेटवर हीटसिंक, 65 वॅटचा प्रोसेसर. मग डबा काउंटरखालच्या बंद कपाटातून काढून उघड्या फळीवर ठेवला. कपाटात त्याच्या मागच्या जाळीपुढे औषधांची खोकी रचलेली होती.