ओव्हरड्राइव्ह पेडल : पारख आणि संग्रह

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि अँप यांच्यामध्ये जोडायची, पायाने दाबून चालू-बंद करायची धातूची लहानशी डबी. गिटारकडून येणारा क्षीण संकेत ती इतका वाढवते की लाटेचे माथे मर्यादेला टेकून दबतात. मूळ सुराला उपस्वरांची भर मिळते आणि आवाज दाट, किंचित खरबरीत होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जीवा सरकवून जवारी लावली की सूर जसा भरून येतो, तसे काहीसे कानाला वाटते; कारण मात्र अगदी वेगळे. हा आवाज मुळात वाल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, अँपचा. अँप पूर्ण आवाजात चालवला की वाल्व्ह आपोआप असा दबायचा. घरच्या आवाजात तेच मिळावे, म्हणून पेडल आले.

लाटेचे माथे कसे छाटायचे, यावर या पेडल्सचे कूळ ठरते. डायोड म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा लहानसा भाग. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपास; त्यापलीकडची लाट दबते. डायोड वर्धक चिपच्या परतीच्या वाटेवर बसवले तर माथे गोलसर होतात, ते ओव्हरड्राइव्ह. चिपच्या पुढे बसवून जादा संकेत थेट जमिनीकडे वळवला तर माथे सपाट कापले जातात, ते डिस्टॉर्शन. फझ, म्हणजे लाट आणखी जोरात छाटणारा प्रकार, या दोघांपेक्षा जुना : माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन १९६२ साली बाजारात आला. बॉस कंपनीने १९७७ मध्ये ओडी-१ हे ओव्हरड्राइव्ह काढले. त्यात लाटेची वरची आणि खालची बाजू मुद्दाम कमी-जास्त छाटली जाते, त्यामुळे सम उपस्वरही उमटतात. त्याचाच धागा पुढे नेणारे एसडी-१ हे १९८१ चे.

तुलनेचा विषय निघाला की सगळ्यात आधी नाव येते ते आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हचे. टीएस-८०८ हे मॉडेल १९७९ चे, टीएस-९ हे १९८२ चे. दोन्हींत साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालचे सूर कमी वाढवले जातात, म्हणून खर्ज आवरलेला राहतो आणि मधला भाग पुढे येतो. बँडमध्ये ढोलकी, बेस आणि कीबोर्ड यांच्या गर्दीतून गिटार नेमकी ऐकू येते ती यामुळेच. या दोन मॉडेलांच्या मंडलांत (सर्किटांत) खरा फरक आहे तो शेवटच्या दोन रेझिस्टरांचा : ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम, ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. एवढ्यावरून जुन्या ८०८ ची किंमत कितीतरी पट चढते. फरक ऐकू येतो का? येतो, पण एरवी मोठ्या वाटणाऱ्या फरकांपेक्षा तो कितीतरी बारीक आहे.

किमतीचे टोक गाठले ते क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्हने. अमेरिकेतल्या बिल फिनेगन यांनी १९९४ पासून ही पेडल्स विकली. एकूण सुमारे ८,००० बनली. मंडल कोणाला वाचता येऊ नये म्हणून त्यावर काळा राळेचा थर ओतलेला असे. तरीही जाणकारांनी ते उलगडलेच, आणि आज त्याच मंडलावरची कितीतरी पेडल्स मूळ किमतीच्या अंशात मिळतात. वाजवायला हवे असेल तर ती घ्यावीत. मूळ सेंटॉर ही संग्राहकाची वस्तू आहे, आणि तिच्याकडे तसेच पाहणे योग्य.

पेडलचा सूर एकट्या पेडलचा कधीच नसतो. गिटार, अँप, खोली आणि हवा त्यात असतातच. नागपुरात हे फार लवकर कळते. इथे गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो, १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम असो की कॉलेजचे गॅदरिंग, बहुतेक वेळा गिटारची वायर सरळ मिक्सरला जाते. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही. स्टेजचे स्पीकर सोडतात. म्हणून घरी अँपवर गोड वाटलेले पेडल मंडपात माश्या घोंगावल्यासारखे वाजते. दोष पेडलचा नसतो. पुढे कॅबिनेटचा (अँपच्या स्पीकर-पेटीचा) आभास देणारे उपकरण लावले की तेच पेडल पुन्हा माणसात येते. जिथे वाजवायचे तिथेच, त्याच जोडणीत पारख करावी, हा या छंदातला पहिला धडा.

दुसरा धडा आवाजाच्या पातळीचा. दोन पेडल्सपैकी जे एखाद-दोन डेसिबलने मोठे, तेच कानाला सरस वाटते. बहुतेक वाद तिथेच निकालात निघतात. सगळे नॉब घड्याळाच्या बारावर ठेवून केलेली तुलना काहीच सांगत नाही, कारण पोटेन्शिओमीटरच्या मापात २० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतला जातो. एकाच मॉडेलची दोन पेडल्ससुद्धा यामुळे सारखी वाजत नाहीत. बरी पद्धत अशी : सगळ्यात आधी लूपर (वाजवलेली ओळ साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारे पेडल) ठेवावा, एकच ओळ त्यात भरावी, दोन्ही पेडल्सची पातळी मोबाइलवरच्या मापकाने सारखी करावी आणि पाठ फिरवून बसावे. पेडल बदलायचे काम मित्राने करावे. ओळखता आले नाही तर स्वस्तातले घ्यावे. यात न सुटणारी एक गोष्ट उरते, ती हाताची. गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब थोडा मागे घेतल्यावर पेडल किती स्वच्छ होते आणि बोटाच्या जोराला कसे उत्तर देते, हे वाजवणाऱ्यालाच कळते. माझ्या मते खरी पारख हीच.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा नागपूरची हवाही या तुलनेत उतरते. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेने बिथरतात. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की त्यांतून झिरपणारा प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. १९६६ च्या फझ फेस या फझ पेडलच्या धर्तीवर बांधलेले एक जर्मेनियम पेडल प्रस्तुत लेखकाने दुपारी तीनला धरमपेठेतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत लावले, तर सूर सुरू होता होताच तुटत होता, नुसती थुंकल्यासारखी फटफट. रात्री दहाला, गच्चीचे दार उघडल्यावर, त्याच नॉबवर तेच पेडल मऊ आणि लांब वाजले. सिलिकॉनचे ओव्हरड्राइव्ह या बाबतीत निर्धास्त. कूलरचा त्रास मात्र सगळ्यांनाच आहे : त्याच्या मोटरची घरघर गिटारवरचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपणारे एकाच वेटोळ्याचे चुंबक) पकडतो आणि पेडल ती गिटारबरोबरच मोठी करते. तुलना करताना कूलर दहा मिनिटे बंद ठेवावा, घाम आला तरी.

संग्रहाची सुरुवात बहुधा बदलाबदलीने होते. नवा माल मुंबईहून कुरिअरने किंवा दुरांतोने येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून येतो, जुना गावातल्या गावात हातोहात फिरतो. आपल्याकडेही आता पेडल्स बनतात. मुंबईची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन हे त्यातले ठळक नाव. जुने पेडल घेताना मागचे चार स्क्रू काढून आत पाहू द्यावे, असे विनासंकोच म्हणावे. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की आठ पायांच्या काळ्या चिपवरची फिकट अक्षरे वाचता येतात : ट्यूब स्क्रीमरमध्ये बहुतेक ‘जेआरसी ४५५८’. सोल्डरचे टाके मूळचे चकचकीत आहेत की कोणी नंतर डाग दिला आहे, हेही तिथेच दिसते. आत ९ व्होल्टची बॅटरी विसरलेली असेल तर तिच्या टोकांवरची पांढरट-हिरवी बुरशी पाहावी. नागपूरच्या उन्हाळ्यात ती लवकर फुटते आणि वायरी खाऊन टाकते. साठवणीसाठी कूलरच्या झोतापासून दूरचे कपाट बरे, कारण त्या ओलाव्याने नॉब खरखरू लागतात.

बॉसच्या जुन्या पेडल्सची एक खूण माहीत असावी. ज्यांवर ‘एसीए’ ॲडॉप्टरचा उल्लेख छापलेला असतो, ती त्या काळच्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरसाठी केलेली आहेत. आजचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर एकटाच लावला तर त्यांचा लाल दिवा मंद जळतो आणि आवाज पडतो. दिवा मंद म्हणून बिघडलेले समजून कमी किमतीत काढलेले असे पेडल समोर आले, तर त्यात ताजी बॅटरी घालून पाहावी.