जॅकी चॅनच्या आधीची गोष्ट: ऑपेराची शाळा, छडी आणि फसलेला ब्रूस ली

जॅकी चॅन म्हटलं की शिडी घेऊन मारामारी करणारा आणि फटका लागला की हात झटकत कळवळणारा हसरा माणूस डोळ्यासमोर येतो. पण हे आलं कुठून ते बघायचं तर आधी चिनी ऑपेराकडे, म्हणजे गाणं, कसरत आणि मारामारी एकत्र असलेल्या तिकडच्या संगीत नाटकाकडे जायला लागतं, कारण हा गडी मुळात कुंग फूच्या आखाड्यातला नाहीच.

जन्म १९५४ चा, हाँगकाँगचा. वडील पुढे कॅनबेराला अमेरिकन वकिलातीत स्वयंपाकी म्हणून गेले, पोरगं अभ्यासात ढ, मग सातेक वर्षांचं असताना त्याला यू जिम-युएन नावाच्या मास्तरांच्या ऑपेरा शाळेत टाकलं, तेही करार करून, दहा वर्षांसाठी. आपल्याकडे पूर्वी पोरं नाटक कंपनीत जायची ना, तसंच काहीसं. पहाटेपासून कोलांट्या, तासन्तास हातांवर उभं राहणं, गाणं, तलवारबाजी आणि चुकलं की छडी. त्यातल्या निवडक पोरांचा 'सेव्हन लिटल फॉर्च्युन्स' नावाचा ग्रुप होता, मास्तरांच्या नावातलं 'युएन' ही पोरं स्टेजवर लावायची, जॅकी तिथे युएन लो. सॅमो हंग, युएन बियाओ हे हाँगकाँगच्या मारामारीच्या सिनेमातले पुढचे मोठे नट सगळे तिथलेच.

गंमत म्हणजे ही पोरं तयार होईपर्यंत ऑपेराच बसला. लोक सिनेमाकडे वळले, मग दहा वर्षं अंग मोडून शिकलेल्या पोरांनी करायचं काय, तर स्टंट. १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये शेवटी ब्रूस लीची लाथ खाऊन भिंत फोडत बाहेर उडणारा माणूस व्हिलन नाही, त्याच्या जागी स्टंट करणारा डबल आहे, म्हणजे आपला जॅकी. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये पण ब्रूस ली ज्यांना झोडपतो त्या गर्दीत तो आहेच.

जुलै १९७३ मध्ये ब्रूस ली ३२ व्या वर्षी गेला आणि हाँगकाँगच्या निर्मात्यांना दुसरा ब्रूस ली हवा झाला, ली, लाय, ले अशा नावांचे कितीतरी उगवले. लो वेई या डायरेक्टरने जॅकीला उचललं, नाव ठेवलं 'सिंग लुंग', म्हणजे ड्रॅगन झालेला. १९७६ ला त्याला 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये रागीट चेहरा करून उभा केला आणि पिक्चर आपटला. आपटणारच होता! ज्याचं सगळं बालपण कोलांट्या मारण्यात गेलं त्याला सूडाने पेटलेला हीरो करायला लावलं तर दुसरं काय होणार.

१९७८ मध्ये लो वेईने त्याला दुसऱ्या कंपनीला उसना दिला आणि तिथे युएन वू-पिंग या डायरेक्टरने त्याला घेऊन 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' केले. आता 'ड्रंकन मास्टर' का गाजला ते नीट बघायला हवं. त्यातला वाँग फेई-हुंग हा खरा होऊन गेलेला माणूस, वैद्य आणि कुंग फूचा गुरू, आणि १९४९ पासून क्वान टाक-हिंगने त्याला कितीतरी पिक्चरमध्ये एकदम धीरगंभीर, नीतीने वागणारा असा रंगवलेला. जॅकीने त्यालाच उनाड पोरगा केला, जो मार खातो, पळून जातो, कळवळतो. शाळेतला छडीवाला मास्तर आणि रडकुंडीला आलेलं पोरगं, हे नातं जसंच्या तसं पडद्यावर आलं असं मला तरी वाटतं. ब्रूस लीला लागलेलं दिसायचं नाही, याला लागतं ते आपल्यालाही लागतं.

पुढचं बहुतेकांना माहितीये. १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये घड्याळाच्या टॉवरवरून पडणं, हे हॅरॉल्ड लॉइड या जुन्या अमेरिकन विनोदी नटाच्या मूकपटावरून सुचलेलं, १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'त मॉलमधल्या खांबावरून दिव्यांच्या माळा फोडत घसरणं, ज्यात हात भाजले. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून कवटी फुटली, मरता मरता वाचला. पिक्चरच्या शेवटी फसलेले टेक दाखवायची सवय मात्र त्याची नाही, 'कॅननबॉल रन' या अमेरिकन पिक्चरमधून घेतलेली. अमेरिका खरी जिंकली ती १९९८ च्या 'रश अवर'ने. भारतात 'द मिथ'साठी हंपीला आला होता, बरोबर मल्लिका शेरावत, पण तो पिक्चर यथातथाच.

आणि ती शाळा? 'कुंग फू हसल' बघितला असेल तर त्यातली चाळीची मालकीण आणि तिचा नवरा आठवा, युएन चिऊ आणि युएन वा, दोघंही यू मास्तरांचेच विद्यार्थी. २००४ चा पिक्चर, पन्नाशीतली दोघं, आणि अंग कसं वळतंय बघा.