पार्श्वभूमी : साठच्या दशकातली रॉक गाणी, रेडिओ आणि पहिल्या क्रमांकाचा वाद

ब्रिटनमध्ये रेडिओवर एखादे जुने वर्ष निवडायचे आणि त्यातल्या एका आठवड्याची लोकप्रिय गाण्यांची यादी खालून वर वाजवत न्यायची, असा कार्यक्रम कित्येक वर्षे चालत आला आहे. १९६३ ते १९६८ मधले एखादे वर्ष निघाले की त्या काळी शाळा-कॉलेजात असलेले श्रोते आठवणींबरोबर एक हरकतही घेतात : आम्ही ऐकले तेव्हा हे गाणे पहिले होते, तुम्ही दुसरे कसे सांगता? बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’बद्दल ही हरकत सर्वांत जुनी. वय झाले, विसरले असतील, असे म्हणून ती बाजूला सारली जाते. माझ्या मते हा त्या श्रोत्यांवर अन्याय आहे. त्यांची आठवण बहुतेक वेळा बरोबर असते. प्रश्न आहे तो यादी कुठली धरली याचा.

ब्रिटनमधली पहिली विक्री-यादी एका संगीत साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ ला छापली. वीसेक दुकानांना फोन करून विचारले आणि बारा क्रमांक लावले, इतका साधा मामला. (रेडिओ सिलोनवरची बुधवारची गीतमाला त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाली. तिथे पुढे रेकॉर्डविक्रीबरोबर श्रोता संघांचे मतही पायदान, म्हणजे क्रमांक, ठरवू लागले. ब्रिटनमध्ये हिशेब फक्त दुकानातल्या खपाचा.) दशक संपेपर्यंत आणखी तीन साप्ताहिकांनी आपापल्या याद्या सुरू केल्या. मार्च १९६० मध्ये दुकानदारांसाठी निघणाऱ्या एका व्यापारी साप्ताहिकाने पन्नास गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली. प्रत्येकाची दुकाने वेगळी, मोजणीचा दिवस वेगळा, त्यामुळे एकाच आठवड्यात दोन-दोन गाणी पहिल्या क्रमांकावर असणे नवलाचे नव्हते.

राष्ट्रीय प्रसारण संस्था (बीबीसी) यातली कुठलीच यादी जशीच्या तशी घेत नसे. ती सगळ्यांची सरासरी काढून आपली यादी बनवी आणि रेडिओवर वाचली जाई ती हीच. सरासरीत गुण सारखे पडले की गाणी एकाच पायरीवर येत. ऑगस्ट १९६८ मध्ये तर तीन गाणी एकदम पहिल्या क्रमांकावर आली. अखेर फेब्रुवारी १९६९ पासून प्रसारण संस्था आणि ते व्यापारी साप्ताहिक यांनी मिळून एका बाजार-संशोधन कंपनीला काम दिले. अडीचशेच्या आसपास दुकानांच्या विक्रीच्या वह्या टपालाने मागवून एकच यादी होऊ लागली. तिथून पुढच्या वर्षांबद्दल फारसा वाद नाही.

वाद आहे तो आधीच्या नऊ वर्षांचा. १९७७ मध्ये हिट गाण्यांचा एक संदर्भकोश निघाला. संपादकांना मागच्या प्रत्येक आठवड्यासाठी एकच यादी हवी होती. १० मार्च १९६० पर्यंत त्यांनी त्या पहिल्या साप्ताहिकाची यादी घेतली आणि तिथून १९६९ पर्यंत व्यापारी साप्ताहिकाची. पन्नास क्रमांकांची यादी म्हणजे कोशात जास्त गाणी, हे कारण समजण्यासारखे आहे. पण पहिला क्रमांक कुणाचा, हे ठरवण्यासाठी यादीची लांबी उपयोगाची नाही, तिथे किती दुकाने विचारली हे महत्त्वाचे. १९६३ च्या सुमारास ते व्यापारी साप्ताहिक तीसेक दुकानांवर यादी काढत होते आणि खपाने मोठी असलेली दोन संगीत साप्ताहिके शंभराहून अधिक दुकानांवर.

‘प्लीज प्लीज मी’चे उदाहरण घ्या. रेकॉर्ड ११ जानेवारी १९६३ ला बाजारात आली. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात एका मोठ्या साप्ताहिकात ती निर्विवाद पहिली होती, दुसऱ्यात ‘द वेवर्ड विंड’बरोबर विभागून पहिली. व्यापारी साप्ताहिकात मात्र ‘द वेवर्ड विंड’ वर आणि ती दुसरी. त्या वेळी साप्ताहिक विकत घेऊन वाचणाऱ्या पोराच्या हातात छापील पुरावा होता की गाणे पहिले आहे. चौदा वर्षांनी कोशाने ते दुसरे ठरवले. तो कोश घराघरांत आणि रेडिओच्या निर्मात्यांच्या टेबलावर गेला, आणि पुढे ‘अधिकृत’ म्हणून जी यादी मान्य झाली तीही याच मार्गाने. २००० साली बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या २७ गाण्यांचा अल्बम आला तेव्हा ‘प्लीज प्लीज मी’ त्यात नव्हते. रोलिंग स्टोन्सच्या ‘नाइन्टीन्थ नर्व्हस ब्रेकडाउन’चे १९६६ मध्ये असेच झाले : वाचकांच्या साप्ताहिकांत पहिले, कोशात दुसरे. फेब्रुवारी १९६९ च्या आधीचे वर्ष लावताना निवेदकाने कुठल्या साप्ताहिकाची यादी वाचतोय हे सुरुवातीलाच सांगावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

१९६७ चे वर्ष याहून गुंतागुंतीचे. रॉकवाल्यांच्या आठवणीतले हे सोन्याचे वर्ष. बीटल्सची ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ ही दोन्ही बाजू मुख्य मानलेली रेकॉर्ड फेब्रुवारीत आली. एका साप्ताहिकात ती पहिली गेली. कोशानुसार दुसऱ्यावरच अडकली, कारण वर सहा आठवडे ‘रिलीज मी’ नावाचे संथ, गुळगुळीत प्रेमगीत ठाण मांडून होते. इथे श्रोत्यांच्या बाजूने बोलतानाही एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘रिलीज मी’ दहा लाखांवर खपले आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये त्याच्याइतके कुठलेच सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) विकले गेले नाही. आई-वडील, मावश्या-आत्याही रेकॉर्डी विकत घेत होत्या. ज्यांना १९६७ म्हटले की फक्त गिटारचा फाटलेला, गुरगुरणारा आवाज आठवतो, त्यांच्या कानावर ते वर्ष वेगळ्याच वाटेने आले होते.

ती वाट समुद्रातून येत होती. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारामुळे राष्ट्रीय रेडिओला रेकॉर्ड वाजवायला दिवसाकाठी पाचेक तासच मिळत. बाकी वेळ वाद्यवृंद तीच गाणी आपल्या पद्धतीने वाजवत, नाहीतर बँडला स्टुडिओत बोलावून नव्याने ध्वनिमुद्रण होई. त्यामुळे एखाद्याला आठवणारे गाणे आणि आज वाजणारी रेकॉर्ड यांत मधला तुकडाच वेगळा निघतो. संध्याकाळी लक्झेंबर्गहून २०८ मीटरवर इंग्रजी कार्यक्रम लागत, पण आवाज लाटेसारखा वर-खाली होई आणि ऐन कडव्यात बुडे. १९६४ च्या ईस्टरला फेलिक्सस्टोच्या किनाऱ्यापासून तीन मैलांच्या हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून ब्रिटनचे पहिले ‘पायरेट’, म्हणजे विनापरवाना, केंद्र सुरू झाले, आणि दिवसभर रेकॉर्डी ऐकू येऊ लागल्या. ट्रान्झिस्टर स्वस्त झाले होतेच. तो उशीखाली घेऊन झोपणारी पिढी हीच.

या केंद्रांबद्दलच्या आठवणींना जरा जास्तच झळाळी चढली आहे. पिंक फ्लॉइडचे पहिले सिंगल ‘अर्नोल्ड लेन’ वाजवायला एका मोठ्या जहाजी केंद्राने नकार दिला होता, तर पैसे घेऊन गाणी वाजवण्याचे प्रकारही होते. शिवाय त्याच केंद्राची ‘फॅब फोर्टी’ ही यादी विक्रीवर बेतलेली नव्हतीच. केंद्रातली माणसे ती आपल्या अंदाजाने लावत आणि गाणी राष्ट्रीय यादीत यायच्या आधी तिथे वर चढलेली असत. एखाद्या श्रोत्याच्या मनातला पहिला क्रमांक तिथलाही असू शकतो. १४ ऑगस्ट १९६७ ला कायद्याने यांतली बहुतेक केंद्रे बंद पाडली. ३० सप्टेंबरला राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या छत्राखाली नवी पॉप वाहिनी सुरू झाली, पहिले गाणे ‘फ्लॉवर्स इन द रेन’. तिथले बरेच निवेदक जहाजांवरूनच आले होते.

यादीच्या चौकटीत न बसणारी आणखी एक मोठी बाब म्हणजे एलपी, बऱ्याच गाण्यांची मोठी रेकॉर्ड. बीटल्सच्या त्या वर्षीच्या गाजलेल्या अल्बममधून तेव्हा एकही सिंगल निघाले नाही. त्यातल्या ‘अ डे इन द लाइफ’वर तर नशेचा संशय घेऊन राष्ट्रीय रेडिओने बंदी घातली. वर्षाची उजळणी सिंगल्सच्या यादीवर करायची म्हटली की अशी गाणी वगळली जातात. सत्तरच्या दशकात हे अंतर आणखी वाढले. लेड झेपेलिनने आपल्या कारकिर्दीत ब्रिटनमध्ये सिंगल काढायचेच टाळले, म्हणून १९७१ चे ‘स्टेअरवे टू हेवन’ त्या वर्षीच्या कुठल्याही आठवड्यात सापडत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खासगी रेडिओ केंद्रांनी मीडियम वेव्हवर जुन्या गाण्यांच्या स्वतंत्र वाहिन्या काढल्या, पुढे डिजिटल रेडिओवर एकेका दशकाची वाहिनी आली. इथे निवड विक्रीच्या यादीने होत नाही. सभागृहात लोकांना बसवून प्रत्येक गाण्याचा काही सेकंदांचा ओळखीचा तुकडा ऐकवतात, त्यावर गुण घेतात आणि वरची काहीशे गाणीच फिरवत ठेवतात. एखाद्या वर्षी यादीत आलेल्या शेकडो गाण्यांपैकी पाच-दहा उरतात, आणि नव्या श्रोत्यासाठी तेवढेच ते वर्ष. माझ्या दृष्टीने क्रमांकाच्या वादापेक्षा हे नुकसान मोठे आहे, कारण इथे हरकत घ्यायला छापील यादीही हाताशी नसते.

ब्रिटनच्या अधिकृत यादीत २०१४ पासून स्ट्रीमिंगही मोजले जाते. जुनी गाणी यादीत ठाण मांडून बसू नयेत म्हणून नंतर नियम झाला, की जुन्या गाण्याला एका विक्रीइतके मोल मिळवायला जास्त वेळा ऐकले जावे लागते. १९८५ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेले एक गाणे मालिकेत वापरले गेल्यामुळे पुन्हा वर येऊ लागले. या नियमातून त्याला सूट देण्यात आली आणि जून २०२२ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले.